संख्यारेषेवर दशांश आणि शतांश : पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी

पाचवीत दशांश अपूर्णांक सुरू झाले की त्यांची बेरीज-वजाबाकी मुलांना फारशी जड जात नाही, कारण दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह आले की उरलेले काम नेहमीच्या उभ्या मांडणीसारखेच होते. खरी अडचण कळते ती ०.४५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या कोणती, हे विचारल्यावर. वर्गातली बरीच मुले ०.४५ असे उत्तर देतात आणि कारणही लगेच सांगतात, की पंचेचाळीस हे पाचापेक्षा मोठे आहेत. चिन्हाच्या उजवीकडचे अंक म्हणजे एक वेगळी पूर्ण संख्या, अशी त्यांची समजूत झालेली असते. अशा वेळी ‘शेवटी शून्य जोडून अंक सारखे करा’ एवढाच नियम सांगितला तर उत्तर बरोबर येते, पण समजूत होती तशीच राहते. संख्यारेषेवर मात्र प्रत्येक संख्येला शून्यापासून ठरावीक अंतरावरची एकच जागा असते, त्यामुळे कोणती संख्या मोठी हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि नियम का चालतो हेही तिथेच उमगते.

पुण्यातल्या शाळांत नव्याने गणित शिकवू लागलेले शिक्षक आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढची कृती लिहिली आहे. तिच्यातून एकच सवय लावायची आहे: शतांशाची जागा शोधायची असेल तर आधी दशांशाचे घर, म्हणजे रेषेवरच्या दोन खुणांमधली जागा, शोधावे आणि मग त्या घरात शिरून शतांश मोजावेत.

तयारी

सुरुवातीला कोऱ्या कागदावर मुलाला ० ते १० ची संख्यारेषा स्वतः काढू द्यावी. खुणांमधली अंतरे समान आहेत का, आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली आहे की एकपासून, एवढे पाहावे. अंतरे कमी-जास्त येत असतील तर दशांश खुशाल एक-दोन दिवस पुढे ढकलावेत, कारण ‘समान भाग’ ही गोष्ट पक्की नसेल तर पुढचे सगळेच काम डळमळीत होते. एका वस्तूचे दहा समान भाग केले तर त्यातला एक भाग १/१० आणि शंभर समान भाग केले तर एक भाग १/१००, हेही मुलाला तोंडी सांगता यायला हवे.

साहित्य थोडेच लागते. एक मीटरपेक्षा जराशी लांब आणि चार-पाच सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी हवी. बिलाच्या मशीनला लागणारा कागदाचा रोल यासाठी उत्तम. तो नसेल तर जुन्या कॅलेंडरची पाने कापून पाठकोऱ्या बाजूने जोडली तरी चालतात. मोजण्यासाठी शिवणकामाची टेप आणि वहीतल्या कामासाठी आलेख कागद लागतो. आलेख कागद अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत सहज मिळतो. शिवणाच्या टेपवर बहुधा एका बाजूला १५० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६० इंच असतात. आपल्याला सेंटिमीटरचीच बाजू वापरायची आहे, कारण इंचाचे भाग आठ किंवा सोळा असतात, दहा नसतात. प्लास्टिकच्या फूटपट्टीबद्दलही मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवावी: तिच्यावरचे शून्य अगदी कडेला नसून थोडे आत असते. मुले पट्टीची कड रेषेच्या सुरुवातीला लावतात, पहिले घर दोन-तीन मिलिमीटरने मोठे होते, आणि मग दहावी खूण १ वर का येत नाही याचा उलगडा कोणालाच होत नाही.

भिंतीवरची एक मीटरची पट्टी

कागदी पट्टीवर आडवी रेघ मारून डाव्या टोकाशी ० आणि बरोबर एक मीटरवर १ लिहावे. ही संपूर्ण लांबी म्हणजे एक, हे मुलांकडून वदवून घ्यावे. सेंटिमीटरचा उल्लेख या वेळी टाळलेला बरा, नाहीतर १ च्या जागी मुले १०० म्हणू लागतात. आता ० ते १ या अंतराचे दहा समान भाग करायला सांगावे.

इथे घाईने मदत करू नये. बहुतेक मुले ० आणि १ यांच्यामध्ये दहा खुणा करतात, आणि त्यामुळे भाग अकरा होतात. खोडरबर हातात देण्यापूर्वी खुणांच्या मधल्या रिकाम्या जागांवर, म्हणजे घरांवर, मुलाला बोट ठेवून मोठ्याने मोजू द्यावे. ‘अकरा’ हा शब्द त्याच्याच तोंडून आला की चूक त्याची त्याला कळते. दहा घरे हवी असतील तर मधल्या खुणा नऊच लागतात. दोन्ही टोके आधीपासून असतातच. घरे मोजायची, खुणा मोजायच्या नाहीत, हे वाक्य यापुढे रोज वर्गात यावे इतके महत्त्वाचे आहे.

खुणा नीट झाल्या की प्रत्येक खुणेच्या खाली १/१०, २/१०, ३/१० असे आणि वर ०.१, ०.२, ०.३ असे लिहावे. दोन्ही लेखन एकाच जागेचे आहे, हे मुलाने काही दिवस सतत पाहिले पाहिजे. वाचनही जपून करावे. ०.३ हे ‘शून्य पूर्णांक तीन दशांश’ असे वाचले तर जागा आपोआप कळते. ‘पॉइंट तीन’ असे वाचल्याने ती कळत नाही. बोलताना सगळेच पॉइंट म्हणतात आणि मुलांनी घरी तसे म्हणायला काही हरकत नाही, पण रेषेसमोर उभे असताना पूर्ण वाचनच व्हावे.

०.९ नंतर कोणती संख्या येते, हा पुढचा प्रश्न न चुकता विचारावा. नऊनंतर दहा येतात या सवयीने ०.१० हे उत्तर हमखास मिळते. त्यावर लगेच ‘चूक’ असे न म्हणता मुलाला ०.९ च्या खुणेवर बोट ठेवून एक घर पुढे सरकायला सांगावे. बोट १ वर पोहोचते. दहा दशांश मिळून एक पूर्ण होतो, हे त्याला असे हाताने कळू द्यावे. मग पहिल्या पट्टीच्या पुढे दुसरी पट्टी जोडून १.१, १.२ पासून २ पर्यंतच्या खुणा मुलांकडूनच करून घ्याव्यात, म्हणजे दशांश फक्त शून्य आणि एक यांच्यातच असतात असा गैरसमज राहत नाही.

दशांशाच्या घरात शतांश

शतांश शिकवताना सगळी शंभर घरे एकदम आखू नयेत. आखलेल्या शंभर खुणा पाहून मूल नुसते एक ते शंभर मोजत जाते आणि दशांशाशी असलेला संबंध हरवतो. त्याऐवजी एकच घर निवडावे, समजा ०.३ ते ०.४ चे, आणि त्याचेच दहा समान भाग करावेत. मीटरच्या पट्टीवर दशांशाचे घर दहा सेंटिमीटरचे असल्याने शतांशाचे छोटे घर बरोबर एक सेंटिमीटरचे होते आणि पाचवीच्या मुलाला ते सहज आखता येते. पाचवी खूण थोडी लांब काढली की मोजणे सोपे जाते. आता डावीकडून ०.३१, ०.३२ असे लिहीत ०.३९ पर्यंत जावे आणि ०.९ नंतरचाच प्रश्न इथे पुन्हा विचारावा: ०.३९ नंतर काय? इथे मुले दोन उत्तरे देतात, ०.४० आणि ०.४. दोन्ही बरोबर आहेत, आणि ०.४० व ०.४ यांची जागा एकच आहे हे रेषेवर समोर दिसत असल्यामुळे शेवटी शून्य जोडण्याचा नियम आता पाठ करावा लागत नाही.

यानंतर शून्याला लागून असलेले पहिले घर घ्यावे, आणि त्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा. ० ते ०.१ या घराचे दहा भाग केल्यावर पहिल्या खुणेवर काय लिहायचे, इथे मुले अडखळतात. कोणी ०.१ लिहिते, पण ती खूण तर घराच्या शेवटी आधीच आहे, कोणी ०.११ लिहिते, पण तिची जागा पुढच्या घरात आहे. एकही पूर्ण दशांश अजून ओलांडलेला नाही, म्हणून दशांशाच्या जागी शून्य, आणि एक शतांश चाललो म्हणून शतांशाच्या जागी एक, असे ०.०१ तयार होते. ०.०७ आणि ०.७ या दोन जागा मुलाकडून पट्टीवर दोन वेगवेगळ्या रंगांनी रंगवून घ्याव्यात. एक जागा शून्यापासून सात सेंटिमीटरवर येते आणि दुसरी सत्तर सेंटिमीटरवर. मधल्या शून्याला काही किंमत नाही असे एकदा हे अंतर पाहिलेले मूल सहसा म्हणत नाही.

आता मुख्य सराव सुरू करता येतो. फळ्यावर ०.६४ लिहावे आणि मुलाने तीन वाक्ये बोलावीत: संख्या ० आणि १ यांच्या मध्ये आहे, सहा दशांश पूर्ण झाले आहेत, म्हणून ती ०.६ आणि ०.७ यांच्या घरात आहे. त्या घरात चार छोटी घरे चालल्यावर तिची जागा येते. बोलता बोलता बोटही तसेच सरकले पाहिजे. उत्तर आधी दाखवून स्पष्टीकरण नंतर जुळवणाऱ्या मुलांना पुन्हा शून्यापासून निघायला लावावे. ०.४५ आणि ०.५ यांचा प्रश्न आता विचारला तर ०.४५ ची जागा ०.४ च्या घरात, म्हणजे ०.५ ला पोहोचण्याआधीच सापडते.

वहीतले काम

आलेख कागदावर दहा सेंटिमीटर म्हणजे एक एकक असे माप धरावे. मग सेंटिमीटरच्या जाड रेघा दशांश दाखवतात आणि मिलिमीटरच्या बारीक रेघा शतांश. साध्या वहीत एवढे बारीक आखणे जमत नाही, म्हणून तिथे दोन रेषांची पद्धत वापरावी: वरच्या रेषेवर २ ते ३ चे दशांश दाखवायचे, त्यातले हवे ते घर, जसे २.४ ते २.५, भिंगाखाली धरल्यासारखे खालच्या रेषेवर मोठे करून काढायचे आणि त्याचे दहा भाग करायचे. घराची दोन टोके तुटक रेघांनी खालच्या रेषेच्या टोकांना जोडायला विसरू नये. त्या रेघा नसतील तर खालची रेषा ही नवीच ० ते १० ची रेषा आहे असे मुलांना वाटते. आणखी एक पथ्य म्हणजे दोन संख्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच मापाच्या रेषेवर दाखवाव्यात. पाच सेंटिमीटरच्या एककावरचा ०.८ आणि दहा सेंटिमीटरच्या एककावरचा ०.५ शेजारी ठेवले तर ०.५ पुढे दिसेल आणि आतापर्यंतची मेहनत वाया जाईल.

संख्यारेषा दर वेळी शून्यापासून काढायची गरज नसते, हेही याच सुमारास सांगावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर आहे. ती दाखवायला ९४ ते ९५ एवढाच तुकडा पुरतो आणि तिची जागा त्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर येते.

धरणांचे आकडे

पुण्यातल्या मुलांसाठी शतांशांच्या सरावाचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा पाणीसाठा रोज वर्तमानपत्रात टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांमध्ये, छापून येतो आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो. धरणे पूर्ण भरली की उपयुक्त साठा खडकवासल्यात १.९७, टेमघरमध्ये ३.७१, पानशेतमध्ये १०.६५ आणि वरसगावमध्ये १२.८२ टीएमसी होतो. या चार संख्यांत शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. १.९७ दाखवताना मुले १ पासून मोजत निघतात. त्यांना थांबवून २ पासून मागे तीन छोटी घरे यायला सुचवावे, म्हणजे रेषेवर उलटही चालता येते हे कळते, आणि पूर्ण भरलेल्या खडकवासल्यात जवळपास दोन टीएमसी पाणी असते असे आपण का म्हणतो हेही समजते. ३.७१ ही ३.७ च्या खुणेला अगदी चिकटून येते. १०.६५ ही १०.६ आणि १०.७ यांच्या बरोबर मध्ये येते. १२.८२ साठी आधी १२ ते १३, मग १२.८ ते १२.९ आणि मग दोन छोटी घरे, अशी तीन वाक्यांची कृती पूर्ण करून घ्यावी. चारही संख्यांची बेरीज २९.१५ येते, ती मुलांनी स्वतः करून २९ ते ३० च्या तुकड्यावर दाखवावी.

पावसाळ्यात एखादा आठवडा रोज एका धरणाचा आकडा एकाच लांब रेषेवर तारखेसह लावत गेल्यास साठा किती वाढला हे दोन खुणांमधल्या अंतरावरून दिसते आणि वजाबाकीचा अर्थही उलगडतो. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव इथल्या पावसाचे मिलिमीटरमधले आकडे एका दशांश स्थळापर्यंत येतात. केवळ दशांश झालेल्या वर्गाने ते घ्यावेत.

पाव, अर्धा, पाऊण

मराठी घरातले मूल पाव किलो, दीड लिटर, सव्वाशे ग्रॅम हे शब्द शाळेत येण्याआधीपासून ऐकत असते. ते ज्ञान रेषेवर आणावे. ० ते १ च्या पट्टीची घडी घालून मध्यावर आलेली खूण ०.५, पुन्हा घडी घातल्यावर मिळणाऱ्या खुणा ०.२५ आणि ०.७५. या तीन ठिकाणी रंगीत कागद चिकटवावा आणि १ च्या पुढे सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५, पावणेदोन म्हणजे १.७५ असे दाखवावे. मंडईतल्या इलेक्ट्रिक काट्यावर पाव किलो भेंडी ०.२५० अशी दिसते, हे एखाद्या मुलाच्या लक्षात येईल. शेवटचे शून्य जागा बदलत नाही एवढे सांगून पुढे जावे.

या खुणांचा खरा उपयोग अंदाजासाठी होतो. कोऱ्या रेषेवर फक्त ० आणि १ लिहून ०.४८, ०.८, ०.२३, ०.०५ या संख्या नजरेने दाखवायला सांगाव्यात आणि नंतर टेपने पडताळून पाहाव्यात. ०.४८ अर्ध्याच्या किंचित अलीकडे दाखवणाऱ्या मुलाला दशांश समजले आहेत असे मानायला हरकत नाही, मग त्याची खूण एखादा सेंटिमीटर चुकली तरी चालेल.

फसवे आकडे

टिंब दिसले की दशांश, असे मुले धरून चालतात, म्हणून काही अपवाद स्पष्ट सांगावे लागतात. घड्याळातले साडेसात आपण ७.३० असे लिहितो, पण तासाचे भाग साठ असल्यामुळे संख्यारेषेवर साडेसात तास म्हणजे ७.५ तास. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. एका षटकात सहा चेंडू असल्याने ती साडेचार षटके झाली आणि ४.५ नंतर थेट ५ षटके येतात. पाच फूट सहा इंच उंची ५.६ अशी लिहिली तरी फुटाचे इंच बारा असल्यामुळे ती खरी ५.५ फूट असते. ही तीन उदाहरणे विषय पक्का झाल्यावरच घ्यावीत, आधी घेतल्यास गोंधळ वाढतो. रुपये-पैशांत मात्र अशी अडचण नाही, कारण १ एप्रिल १९५७ पासून आपला रुपया शंभर पैशांचा आहे; तिथे फक्त १२ रुपये ५ पैसे हे १२.५ असे न लिहिता १२.०५ असे लिहिले जाते की नाही, हे पाहावे.

ताप पाहण्याच्या काचेच्या फॅरनहाइट थर्मामीटरवर एका अंशाचे पाचच भाग असतात, म्हणजे एक घर ०.२ चे होते. कोणतीही आखलेली पट्टी हाती आली की दोन मोठ्या खुणांमध्ये घरे किती आणि म्हणून एक घर कितीचे, हे आधी ठरवायचे आणि मगच वाचायचे. परीक्षेतही ० आणि १ यांच्यामध्ये पाच किंवा चार घरे देऊन बाणाने दाखवलेली संख्या विचारता येते, आणि घरे न मोजता ०.१, ०.२ असे लिहीत जाणारी मुले तिथे गुण गमावतात.

शिकवून झाल्यावरची पडताळणी

तोंडी प्रश्न पुरेसे असतात. ०.६ आणि ०.५८ यांतली शून्याच्या जवळची संख्या कोणती? १.०३ ची जागा १ पासून किती छोट्या घरांवर? २.९ आणि ३.१ यांच्या बरोबर मध्ये काय? ३.९९ च्या पुढे एक शतांश गेल्यास कुठे पोहोचू? प्रत्येक उत्तरासोबत मुलाने रेषेवर बोट ठेवावे, आणि उत्तर बरोबर असूनही बोट चुकीच्या घरात असेल तर त्या मुलाला एक मीटरच्या पट्टीवर परत न्यावे.

शेवटचा प्रश्न म्हणून ०.४ आणि ०.५ यांच्यामधल्या कोणत्याही पाच संख्या विचाराव्यात आणि त्या मिळाल्या की ०.४३ आणि ०.४४ यांच्यामध्ये काही आहे का, असे विचारावे. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले तर टेप पुन्हा पट्टीला लावावी: त्या एक सेंटिमीटरच्या घरात मिलिमीटरची दहा घरे आखलेली आहेत, आणि ०.४३१ कुठे लिहायचे हे मूल स्वतःच दाखवू शकते.